सोलापूरचे जहाजमालक

यशवंतपूर स्थानकात उतरून पूर्वेला बंगळूर शहर ओलांडले, की विमानांचा प्रसिद्ध कारखाना लागतो. १९४० मध्ये तो काढणारे गृहस्थ मूळचे जहाजमालक, आणि तेही समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरचे! त्यांचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

१८८२ साली जन्मलेल्या वालचंदांच्या घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. ती वाट सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. मग १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांसह ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची जुनी बोट 'लॉयल्टी' घेतली. ५ एप्रिलला ती मुंबईहून लंडनला निघाली आणि 'सिंदिया' कंपनीचा श्रीगणेशा झाला.

बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून कोंडी केली. १९२३ मध्ये 'लॉयल्टी' मोडीत निघाली. त्याच वर्षीच्या करारामुळे दहा वर्षे फक्त किनारी वाहतूक करणे भाग पडले. दुसऱ्या कोणी गाशा गुंडाळला असता. वालचंदांनी कमीपणा सोसला, पण कंपनी राखली. विशाखापट्टणमला त्यांनी उभारलेल्या गोदीतून १९४८ मध्ये 'जलउषा' पाण्यात उतरली.

पुढच्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. गुलाबचंद आणि लालचंद या भावांनी व्यवसाय सांभाळला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदशेठ गेले.

'लॉयल्टी' भंगारात गेली खरी. पण ती निघाली तो ५ एप्रिल १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.