दोष आणि अपराध

वस्तूंत दोष असणें निराळें आणि ती करणाराच्या मनांत कपट असणें निराळें, हा भेद नित्याच्या व्यवहारांत आपण सर्वच मानतों. सुताराच्या हातून दार वाकडें बसलें, तर त्याला पुन्हा बोलावून आपण तें नीट करून घेतों. त्यानें जाणूनबुजून पोखरलेलें लाकूड घातलें असेल, तर मात्र त्याला पुन्हा पायरी चढूं देत नाहीं. परंतु संगणकावरील खेळांचा विषय निघाला, कीं हा साधा विवेक भल्याभल्यांस सोडून जातो. 'टोटल वॉर: रोम २' या व्यूहरचनेच्या खेळाच्या वाट्याला जी निंदा आली, ती या अविवेकाचें ठळक उदाहरण होय. खेळ बाहेर पडल्यास दशकाहून अधिक काळ लोटला. तरीहि 'गिऱ्हाइकाच्या फसवणुकीचा नमुना' म्हणून त्याचें नांव घेणारे आहेतच. त्यांच्याशीं आमचा वाद आहे.

ज्या वाचकांस या खेळाचा परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं चार शब्द सांगितले पाहिजेत. इंग्लंडमधील हॉर्शम येथील क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेनें २००० सालीं जपानी सरदारांच्या युद्धांवर 'शोगन' हा खेळ रचला. त्याच मालिकेंतील 'रोम २' हा ३ सप्टेंबर २०१३ रोजीं प्रसिद्ध झाला. खेळणारा इ. स. पूर्व २७२ च्या सुमाराचें एखादें राज्य हातीं घेतो. नकाशावर त्यानें कर बसवावेत, तह करावेत, सैन्य उभारावें. आणि दोन सैन्यें समोरासमोर आलीं, कीं त्याच पटावरून रणांगणांत उतरून हजारों शिपायांस प्रत्यक्ष हुकूम द्यावेत. नकाशा ब्रिटनपासून बॅक्ट्रियापर्यंत पसरलेला. त्यावर शंभराहून अधिक राज्यें व टोळ्या. आणि खेळणाराचें एक राज्य सोडून बाकी सर्वांचा कारभार संगणकाकडे!

आतां प्रतिपक्षाचें जेवढें खरें आहे, तेवढें आम्ही आधींच पदरांत घालतों. खेळ बाहेर पडला तेव्हां तो मोडका होता. आपली चाल आटोपल्यावर इतर राज्यांच्या चाली पुऱ्या होईपर्यंत खेळणारानें हात जोडून बसावें, असा प्रकार होता. पुष्कळांच्या यंत्रांवर चित्र अडखळत चाले. संगणकाच्या हातचा सेनापति वेढा घालून तटाखालीं नुसता ताटकळत उभा राही. अशा स्थितींतील खेळासाठीं लोकांकडून पुरी किंमत घेण्यांत आली. इतकेंच नव्हे, तर अथेन्स, स्पार्टा व एपायरस हीं तीन राज्यें वेगळीं काढून आगाऊ मागणी करणारांस आमिष म्हणून दाखविलीं गेलीं, व इतरांस तीं निराळ्या दामानें विकलीं गेलीं. याचें समर्थन आमच्यानें होणार नाहीं, व आम्ही तें करूंहि इच्छीत नाहीं.

मग आमचा कैवार कशाचा? आमचा पहिला मुद्दा असा, कीं या खेळाचे बहुतेक दोष हे हांवेचे होते, आळसाचे नव्हते. पाळी संपेपर्यंत जो विलंब लागे, त्याचें एक मोठें कारण शंभरांवर राज्यांस आपापली बुद्धि असावी हा आग्रहच होता. बुद्धिबळाचा पट पाहा. घरें चौसष्ट, मोहरीं बत्तीस. हा खेळ भारतांतून इराण व अरबस्तान यांच्या वाटेनें युरोपांत गेला. वजिरास आजची लांब चाल मिळाली ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस. आमच्याकडील देशी पद्धतींत तर प्यादें पहिल्या चालीसहि एकच घर सरके, आणि राजास एकदां घोड्याची उडी घेतां येई. चौसष्ट घरांचा पट खेळणारांच्या हातांखालीं घासून गुळगुळीत होण्यास शतकें लागलीं; आणि शंभर राज्यांचा पट पहिल्याच सकाळीं निर्दोष कां नाहीं, म्हणून आम्ही डोळे वटारतों! यावर कोणी म्हणेल, कीं नियम बदलणें वेगळें व यंत्र बंद पडणें वेगळें. मान्य आहे. पण 'रोम २' मध्यें दोन्ही प्रकारचे दोष होते, व दोहोंवरहि इलाज झाला. मोकळ्या मैदानांतील लढाईंत एक निशाण जिंकलें कीं लढाई जिंकली, असा मूळचा विचित्र नियम होता. हा यंत्राचा बिघाड नव्हे, रचनेंतील चूक होती. खेळणारांनीं ओरड केली, आणि रचनाकारांनीं हट्ट न धरतां निशाणें मैदानांतून उपटून काढलीं. आपली कल्पना चुकली हें उघड मान्य करणारे ग्रंथकार किती सांपडतील, हें टीकाकारांनींच सांगावें.

दुसरा मुद्दा आचरणाचा. फसवणारा पैसे घेऊन पसार होतो, हें त्याचें पहिलें लक्षण. येथें काय घडलें? संस्थेचे माइक सिम्प्सन यांनीं जाहीर माफी मागितली. पहिली दुरुस्ती त्याच आठवड्यांत आली व पुढें एकामागून एक येत राहिल्या. सप्टेंबर २०१४ मध्यें 'एम्परर एडिशन' या नांवानें सुधारलेली आवृत्ति निघाली. ऑगस्टसच्या काळावरील एका नव्या मोहिमेसह ती जुन्या गिऱ्हाइकांस एक पैसाहि न घेतां देण्यांत आली. पहिल्या 'रोम' मध्यें असलेला व दुसऱ्यांत गाळलेला घराण्याचा वंशवृक्ष २०१८ सालीं, म्हणजे पांच वर्षांनीं, फुकट परत आला. 'मधल्या काळांत नवे तुकडे विकून त्यांनीं गल्ला भरलाच कीं!' असा आक्षेप ऐकूं येतो. भरला, आणि त्याच गल्ल्यावर दुरुस्ती करणारांची चूलहि पेटली. स्वार्थ व कर्तव्य एकाच वाटेनें चाललीं, तर त्यांत लाजण्यासारखें काय आहे?

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे: गिऱ्हाईक हें परीक्षक नव्हे, त्याच्या पैशावर व वेळेवर दुरुस्तीचे प्रयोग कां व्हावेत? या प्रश्नापुढें आम्ही मान लववितों. परंतु २०१३ सालीं गिऱ्हाइकाची खरी अडचण कोणती होती? संगणकीय खेळांची मोठी पेठ जी 'स्टीम', तेथें न आवडलेला खेळ परत करण्याची सर्वसाधारण सोयच नव्हती. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आंत व खेळण्याचे दोन तास भरण्यापूर्वीं पैसे परत मागण्याची मुभा मिळाली ती जून २०१५ मध्यें. ज्याला दाद मागण्यास दरवाजा नाहीं, तो भिंतीवर डोकें आपटतो व शिव्या देतो. म्हणून त्या वेळच्या संतापास आम्ही दोष देत नाहीं. पण त्यावरचा उपाय होता तो पेठेच्या नियमांत, आणि न पाहिलेल्या वस्तूचे पैसे आगाऊ मोजण्याची आपली खोड सोडण्यांत. चित्रें रंगविणाऱ्या वा सैन्याची चाल जुळविणाऱ्या कारागिराच्या सात पिढ्या उद्धरण्यांत तो खचित नव्हता. प्रकाशनाचा दिवस बहुधा व्यापाराच्या हिशोबानें ठरतो. शिव्या मात्र ज्यानें रात्र जागून काम केलें त्याच्या कानीं पडतात.

हा वाद एका खेळापुरता असता, तर आम्हीं एवढी शाई खर्चिली नसती. पण अशा निंदेचा परिणाम दूरवर पोंचतो. मोठा पट मांडणारास चुकीबद्दल जन्मठेप, आणि तोच तो जुना खेळ नवा रंग लावून विकणारास 'निर्दोष' म्हणून शाबासकी, असा न्याय चालूं लागला, तर उद्यां मोठा पट मांडावयास कोण धजेल? शिवाय घरांतील मुलें आपले वडील काय बोलतात तें ऐकत असतात. चुकणारास सुधारण्याची संधि द्यावी असें एकीकडे त्यांना शिकवावयाचें, आणि सुधारलेल्या कामाकडे दुसऱ्यांदां पाहण्याचेंहि सौजन्य आपण दाखवूं नये, हें कसें शोभेल?

टीकाकारानें पहिल्या दिवशीं कठोर व्हावें. तें त्याचें कामच आहे. पण वस्तु बदलली असतां निकाल तोच ठेवणें हा कठोरपणा नव्हे, आळस आहे. 'रोम २' चा जन्म सदोष होता, असें म्हणणारांशीं आमचें पूर्ण एकमत आहे. परंतु तो अजूनहि तसाच आहे, व त्याचे कर्ते लबाड होते, असें म्हणणारांनीं आज तो एकदां उघडून पाहावा, आणि मग आमच्याशीं वाद घालावा.