कुलपाआडचे मत

मतदारयादी करणाऱ्या नोकरांना शिक्षण मिळते, हे योग्यच आहे. पण त्या शिक्षणाची खरी परीक्षा कोरीटसारख्या गावच्या उंबऱ्यावर होते. नंदुरबार जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. घरास कुलूप दिसले म्हणून यादीवाल्याने 'गाव सोडून गेले' असा शेरा मारावा काय? मुळीच नाही! १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे २० वे कलम स्पष्ट सांगते की, तात्पुरता बाहेर गेलेला माणूस गावचा रहिवासी राहतोच. हे कलम त्या नोकरांस आधी शिकवावे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच नोंद झाल्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. चूक कोणाचीही असो, मत बुडते ते गरिबाचे. प्रभागाच्या सीमेचेही तेच. कचेरीत बसून ओढलेली रेघ एका वस्तीचे दोन तुकडे करते.

म्हणून बांधवांनो, प्रारूप यादी व प्रभागरचना प्रसिद्ध होताच वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. नाव नसल्यास नमुना ६ भरा. हरकत मुदतीत व लेखी द्या. सातबाऱ्यावरचे नाव जपता, तसे यादीतलेही जपा.