मदतीलाही मुदत असते



राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० या वर्षी देशात शेती क्षेत्रातील १०,६७७ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्याच वर्षी व्यवसाय करणाऱ्यांपैकी ११,७१६ जणांनी आपले जीवन संपविले. विदर्भात राहणाऱ्या आपणांस पहिल्या आकड्यामागचे वास्तव परिचित आहे. दुसरा आकडा वाचून मात्र बहुतेक जण थबकतात. ते वर्ष टाळेबंदीचे होते, हे खरे. तरीही शेतकऱ्यासाठी शासनाचे मिशन आहे, समुपदेशनाचा प्रकल्प आहे, वृत्तपत्रांत जागा आहे. इतवारीतल्या किंवा गांधीबागेतल्या दुकानदाराच्या विवंचनेची अशी दखल कोणी घेत नाही. याचा सर्व दोष शासनाच्या माथी मारता येणार नाही, कारण ती विवंचना आपण स्वतःच कोणाच्या दृष्टीस पडू देत नाही.

पत हेच व्यापाऱ्याचे खरे भांडवल. बाजारात कुजबुज सुरू झाली की उधारीवरचा माल दुसऱ्या दिवशी बंद होतो, मुलीच्या सोयरिकीची बोलणी थांबतात. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु बँकेच्या नोकरीत कर्जविभागाच्या टेबलामागे बसून जे पाहिले, त्यावरून एवढे निश्चित सांगतो की हुंडीला असते तशी मदतीलाही मुदत असते. ती टळून गेल्यावर तीच मदत, त्याच दारात, मिळत नाही.

एका घाऊक किराणा व्यापाऱ्याचे उदाहरण देतो. उधारी अडकली, विक्री घटली. पण बँकेच्या खात्यात त्याने एक दिवस उशीर होऊ दिला नाही. आम्ही त्याला उत्तम खातेदार समजत होतो. प्रत्यक्षात तो बाजारातून दरमहा तीन टक्क्यांनी रक्कम उचलून बँकेचे व्याज भरीत होता, आणि पुढे त्या तीन टक्क्यांसाठी आणखी एकाकडून उचलू लागला. दरमहा तीन म्हणजे वर्षाला सरळ छत्तीस टक्के. किराण्याच्या घाऊक धंद्यात एवढा नफा कोणाला सुटतो? पत्नीला हे कळले ते दारावर जप्तीची नोटीस चिकटविली तेव्हा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सख्ख्या भावालाही त्याच दिवशी. आठ-दहा महिने आधी तो वह्या घेऊन आला असता, तर थकलेली कॅश क्रेडिटची रक्कम मुदतकर्जात बदलून हप्ते बांधून देणे शक्य होते.

खाते ९० दिवस थकले की ते अनुत्पादक ठरते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी ३० आणि ६० दिवसांचे टप्पे असतात आणि बँकेच्या हातात सवलतीचे जे काही असते, ते बहुतांशी याच काळात असते. दालमिल किंवा लहान कारखाना चालविणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०१६ रोजी एक चौकट घालून दिली आहे. तीनुसार २५ कोटी रुपयांपर्यंतचे कर्ज असलेला सूक्ष्म, लघु वा मध्यम उद्योजक, धंदा बुडण्याची रास्त भीती वाटताच, स्वतः होऊन बँकेच्या समितीकडे अर्ज करू शकतो. खाते थकेपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही. १ ऑगस्ट २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले. पण उद्योजकानेही खाते अनुत्पादक ठरण्यापूर्वी कागदपत्रांसह पुढे आले पाहिजे, असेही बजावले. निव्वळ व्यापार करणाऱ्याने ही चौकट आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये. त्याने आपल्या बँकेच्या कर्ज-पुनर्रचनेच्या धोरणाविषयी लेखी विचारणा करावी. तोंडी विनंतीची नोंद कोठेही राहत नाही.

पुढे सरफेसी कायद्याची नोटीस आलीच, तर ६० दिवस मिळतात. त्या अवधीत लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे आवश्यक आहे. प्रत्यक्ष ताब्याची कारवाई झाली, तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जाण्यास ४५ दिवस आहेत, आणि असे न्यायाधिकरण आपल्या नागपुरातच आहे. नोटीस न उघडता देवघरातील कपाटात ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. कपाटात पडलेल्या नोटिशीचेही दिवस मोजले जातातच.

देणे सर्वथा अशक्य झाले असेल, तर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आजही आपल्याकडे लागू आहे. ऋणको स्वतः जिल्हा न्यायालयात अर्ज करतो, मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करतो, तिचे वाटप सर्व धनकोंमध्ये होते आणि यथावकाश त्याला मुक्ततेचा आदेश मिळू शकतो. (अर्जासाठी कर्जाची किमान मर्यादा ५०० रुपये आहे, कायद्याच्या वयाचा अंदाज यावरूनच यावा.) ‘दिवाळे’ या शब्दाची आपल्याला एवढी लाज, की रात्री दुकानाला कुलूप लावून गाव सोडणे त्यापेक्षा बरे वाटते. वस्तुतः पळून जाणाऱ्याला कायद्याचे कोणतेच संरक्षण उरत नाही.

खासगी सावकाराच्या तगाद्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. वसुलीसाठी घरी माणसे पाठवून दहशत घातली जात असेल, तर पोलिसांत जावे. तो सावकार आपल्याच ज्ञातीचा असला तरीही जावे, हे मुद्दाम लिहितो.

कित्येक घरे व्यापारामुळे नव्हे, तर आजारपणामुळे बसतात. या बाबतीत आपल्या लोकांचे अज्ञान मला विशेष खटकते, कारण धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांत आपली नावे आहेत, भिंतींवरच्या दानपट्टांवर आपली आडनावे आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ नुसार आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार, अशा प्रत्येक रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. त्याकरिता रुग्णालयाच्या बिलांच्या २ टक्के रक्कम निराळ्या निधीत जमा होते. मात्र मागणी दाखल करतानाच, रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे, उत्पन्नाच्या दाखल्यासह किंवा शिधापत्रिकेसह केली पाहिजे. बिल हातात पडल्यानंतर ‘काही कमी होईल का’ असे विचारणे ही केवळ घासाघीस. दाद न मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या नागपूर कार्यालयात तक्रार करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही आता पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबे समाविष्ट आहेत. ‘ती गरिबांची योजना, आपली नव्हे’ असे मानणाऱ्या घरांनी १५५३८८ या क्रमांकावर एकदा विचारून पाहावे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो.

घरातील स्त्रीला वकिलाची गरज पडली, तर तिचे किंवा पतीचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला वकील विनामूल्य मिळतो, दूरध्वनी १५१००. पतीच्या कर्जाला जामीनदार म्हणून न वाचता सह्या केलेल्या भगिनींनी हा क्रमांक जवळ ठेवावा. मुले सांभाळत नसतील, तर वृद्ध आईवडिलांना २००७ च्या कायद्यान्वये उपविभागीय अधिकाऱ्यांकडे निर्वाहाचा अर्ज करता येतो.

या सर्वांत अल्प मुदतीची मदत मनाची. तिथे ६० दिवस नसतात. कधी कधी एक रात्र असते. झोप उडालेली, जेवण तुटलेले, ‘माझ्यामागे विम्याचे पैसे तरी येतील’ असे सहज बोलल्यासारखे वाक्य कानावर पडले, तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि तेथूनच १४४१६ लावावा. ही केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र, विनामूल्य चालते. मराठीतही बोलता येते. प्रत्यक्ष भेटीसाठी मेडिकल महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आहे आणि १८६४ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. शेजारच्या चौकाला नागपूरकर थट्टेने जे नाव घेतात, त्यामुळेच कित्येक जण त्या फाटकात पाऊल टाकत नाहीत. ते नाव निदान आपल्या घरात तरी उच्चारू नये, अशी माझी विनंती आहे.

आता संघाविषयी. सम्यक्त्वाच्या आठ अंगांत उपगूहन आहे, दुसऱ्याचे उणे झाकावे. त्याच्या लगेच पुढचे अंग स्थितीकरण, डळमळणाऱ्याला स्थिर करावे, आणि त्यापुढे वात्सल्य. आपण पहिल्यावर थांबलो आहोत. आचार्य हेमचंद्र आणि राजा कुमारपाळ यांची कथा आपण व्याख्यानांतून ऐकली आहे: एका गरीब श्रावकाने दिलेले जाडेभरडे वस्त्र पांघरून आचार्य आले, राजाला संकोच वाटला, तेव्हा आचार्यांनी त्याचे लक्ष वस्त्राकडून ते देणाऱ्याच्या दारिद्र्याकडे वळविले. त्या श्रावकाने काहीही मागितले नव्हते.

साधर्मिक भक्तीचा निधी आपल्या बहुतेक संघांत आहे, परंतु तो मागण्यासाठी कार्यालयात जाऊन चार विश्वस्तांसमोर बोलावे लागते. म्हणून तेथे कोणी जात नाही आणि वर्षअखेर निधी शिल्लक राहतो. यावर माझी एक सूचना आहे. प्रत्येक संघाने दोनच व्यक्ती नेमाव्यात, त्यांपैकी एक श्राविका असावी आणि दोघांपैकी कोणीही बाजारात देणे-घेणे करणारे नसावे. अडचणीतील कुटुंबाने केवळ त्यांच्याशी बोलावे. इतिवृत्तात नावाऐवजी क्रमांक लिहावा. नाव व पावत्या बंद पाकिटात लेखापरीक्षकाकडे राहाव्यात. रोख रकमेपेक्षा मुलांचे शुल्क थेट शाळेत आणि औषधांचे पैसे थेट दुकानात भरावेत. बँकेत किंवा न्यायालयात जाताना या दोघांपैकी एकाने सोबत जावे. माझ्या अनुभवात, सोबत कोणी असले की माणूस वह्या खऱ्या उघडतो.