नातवाशी बोलावयाचा विषय

लग्नसराईत वारंगा फाट्यावरून निघणाऱ्या वरातींत दारूही असते. ‘पिऊ नकोस’ एवढे नातवास सांगून आपण थांबतो. प्यालेला मित्र एखाद्या मुलीच्या मागे लागला, तर तू काय करशील, हे मात्र विचारीत नाही.

मद्य प्रथम विवेकाचा लगाम सैल करते. म्हणून झिंगलेल्यास उपदेश व्यर्थ. दवाखान्यात मी तो पुष्कळदा करून पाहिला आहे. ‘चल, पाणी पिऊ’ म्हणत दोघांनी त्याला दूर न्यावे, तिसऱ्याने मुलीस तिच्या माणसांपर्यंत पोहोचवावे. न ऐकल्यास 112 वर फोन करावा. एकट्याने भिडू नये. 2011 साली मुंबईत अंबोली येथे किनन सँटोस व रूबेन फर्नांडिस यांनी छेड काढणाऱ्यास हटकले. तो साथीदार घेऊन परतला आणि दोघांचेही प्राण गेले.

नशेमुळे भान हरपलेल्या स्त्रीचा होकार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 नुसार होकारच नव्हे. ‘तीही प्यायली होती ना?’ असे आपण ओसरीवर सहज म्हणतो, तेव्हा नातू शेजारीच बसलेला असतो.