समदुःखितांची कामवांटणी

घरांतील एखाद्यास मानसिक व्याधि जडली असतां तिचा गवगवा होऊं नये म्हणून आपण दारें लावून घेतों. आणि त्या दारांआड सारा भार बहुधा एका मातेवर किंवा गृहिणीवर पडतो. या एकाकीपणावर उपाय म्हणून डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं, पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या अनुभवांतून, १९९७ सालीं पुण्यास 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापिली. तेथें रुग्ण व त्यांचे आप्त एकमेकांस आधार देतात.

मुरुडसारख्या गांवीं असें मंडळ कां न निघावें? मात्र नुसत्या सहानुभूतीवर मंडळ टिकत नाहीं. तेथेंहि भार एकट्यावरच पडतो, आणि तो थकला कीं मंडळ मोडतें. घरीं मंगलकार्य निघालें म्हणजे कोठीघर एकाकडे, पंगत दुसऱ्याकडे, पाहुण्यांची ऊठबस तिसऱ्याकडे असते. तोच न्याय येथें लावावा. एका गटानें बैठकीची व्यवस्था पाहावी. दुसऱ्यानें लातुरास डॉक्टरांकडे जाणाऱ्यांस सोबत करावी. तिसऱ्यानें, संमति असल्यास, घरभेटी घ्याव्या. प्रत्येक कामास दोघे तरी असावे, मुदत तीन महिन्यांची असावी, आणि ज्याच्या घरीं व्याधि उसळेल त्यास विनासंकोच सुट्टी मिळावी. ऐकलेलें बाहेर बोलूं नये. औषधोपचार मात्र वैद्यांचाच. अडचणींत शासनाची १४४१६ ही टेलिमानस दूरध्वनि-सेवा अहोरात्र आहे.

रुग्णास केवळ सेवा घेणारा समजूं नये. प्रकृति सांवरल्यावर त्यासहि काम सोंपवावें, मग तें सतरंजी घालण्याचें कां असेना. ज्याची कोणी वाट पाहत नव्हतें, त्याची बैठकीच्या दिवशीं सारे वाट पाहतील.