प्रवचन श्रोत्यांच्या घरातून सुरू व्हावे

त्रोवस शहरातल्या एका माडीवर पौल बोलत होता. मध्यरात्र झाली तरी बोलणे संपेना. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळला. लोकांनी उचलले तेव्हा तो मेलेलाच होता. पौल खाली गेला, त्याने त्याला कवटाळले आणि मुलगा जिवंत झाला. मग पौलाने वर येऊन भाकर मोडली आणि पहाट होईपर्यंत तो बोलत राहिला. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात ही हकीकत आहे. लांबलेले प्रवचन आणि पेंगणारा श्रोता यांची नोंद पहिल्या शतकातच अशी शास्त्रात होऊन गेली.

पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये धर्मगुरूंना सांगितले, की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका, लोक झोपतात. त्यांची ही तळमळ जुनीच होती. २०१३ च्या ‘इव्हान्जेली गाउदियुम’ या आवाहनपत्रात त्यांनी प्रवचन आणि त्याची तयारी यांवर बरीच पाने खर्च केली होती. आठ मिनिटांचा सल्ला योग्यच आहे, पण नुसते घड्याळ लावून भागणार नाही. आठ मिनिटेसुद्धा परकी वाटू शकतात आणि कीर्तनाला माणसे दोन-दोन तास बसतात. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांहून अधिक ख्रिस्ती आहेत. त्यांतल्या मराठी मंडळींपुढे रविवारी जे बोलले जाते, त्यात त्यांचे घर, शेत, पगार, कर्ज, जात आणि शेजार किती असतो, हा प्रश्न मिनिटांहून मोठा आहे.

हा प्रश्न ज्यांनी सोडवला, अशी माणसे मराठी ख्रिस्ती परंपरेतच होऊन गेली.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. सासष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांचे पुराणश्रवण सुटले होते आणि त्यांच्या हाती नवे काही आले नव्हते. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात पाद्री गुरू कथा सांगतो आणि श्रोते मध्येच शंका विचारतात. निव्वळ मराठी सगळ्यांना समजत नाही, म्हणून स्थानिक बोलीतले सोपे शब्द मिसळले आहेत, असे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले. ग्रंथ चर्चमध्ये वाचला-गायला जाऊ लागला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. श्रोत्यांची भाषा दडपण्याचा तो निर्णय चर्चच्या कामाच्याही मुळावर येणारा होता.

पंडिता रमाबाईंची वाट आणखी खडतर. आईवडिलांबरोबर गावोगाव पुराण सांगत फिरणारी ही मुलगी श्रोत्यांना कसे बांधून ठेवायचे ते लहानपणीच शिकली होती. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळाने उघड्यावर टाकलेल्या बायका आणि मुली राहायला आल्या. त्या काळचे मराठी बायबल त्यांना पेलत नव्हते, इतकी त्याची भाषा संस्कृतप्रचुर होती. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायला घेतले. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे सदनातल्या बायका शिकल्या. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, त्याच्या थोडे आधी भाषांतर हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. ज्यांना वचन ऐकवायचे त्यांनाच जेवू घालणारी, शिकवणारी आणि त्यांच्याच हातून वचन छापून घेणारी ही बाई. प्रवचनाची याहून पक्की तयारी कोणती असणार?

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. परदेशी चालींवर मराठी शब्द बसवलेली गीते त्यांना पुरेशी वाटेनात. त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली आणि ख्रिस्ती कीर्तनाला बळ दिले. नगर भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन आपलेसे केले होते. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात उधळ्या पुत्राचे किंवा योसेफाचे आख्यान, साथीला पेटी, तबला, टाळ. देवळात न येणारा शेजारीही अशा कीर्तनाला येऊन बसे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हा धागा पुढे नेला. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वसईतली शेती, विहिरी आणि झाडे बेबंद बांधकामांपासून वाचवण्यासाठी ते हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरले. सृष्टी देवाची आहे, हे त्यांचे बोलणे लोकांना पटले, कारण ज्या विहिरीविषयी ते बोलत ती श्रोत्यांच्याच वाडीत होती.

या चौघांच्या कामापुढे आजची अनेक प्रवचने ठेवून पाहावीत. मांडणी इंग्रजी पुस्तकातली किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओतली, दृष्टान्त परदेशातले, आवाजाची चढउतारही उसनी. आशीर्वाद, यश, आजारातून सुटका यांची आश्वासने भरपूर. येशूने मात्र दृष्टान्तासाठी पेरणी, खमीर, जाळे आणि हरवलेले नाणे घेतले. नासरेथच्या सभास्थानात त्याने यशया वाचला, तेव्हा लोक आधी खूश झाले. देवाची कृपा परक्यांनाही मिळते, असे त्याने पुढे सांगितले, तेव्हा तेच लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले. कोणालाही कधीच न बोचणारे प्रवचन नासरेथच्या वाटेने जात नाही.

याकोबाच्या पत्रात एक दृश्य आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला चांगली जागा मिळते. मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभे राहायला सांगतात. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मंडळ्या दलित कुटुंबांच्या आहेत. त्यांच्यापुढे हा अध्याय वाचून जातीचा उच्चारही न करणे ही शास्त्राशी प्रतारणा आहे. लग्न जुळवताना पाहिली जाणारी पोटजात, हुंडा, व्यसन, मंडळीच्या मालमत्तेवरून चाललेले कज्जे, हे विषय व्यासपीठावर आलेच पाहिजेत. बोलणाऱ्याने त्याआधी त्या घरांत जाऊन बसलेले असावे. घरभेट टाळणाऱ्या पाळकाला कोणाचे दुखणे कुठे आहे ते कळायचे कसे?

जबाबदारी एकट्या पाळकाची मात्र नाही. चार-पाच गावांच्या उपासना, अंत्यविधी, लग्ने, शाळेची समिती आणि इमारतीची दुरुस्ती एकाच माणसावर टाकली, की शनिवारी रात्री तो हाती लागेल ते घेऊन उभा राहणार. हिशेब आणि इमारत पंचांनी सांभाळावी, पाळकाला अभ्यासाचे दिवस मोकळे द्यावेत. रविवारचा शास्त्रभाग आठवड्याच्या मध्यावर घरोघरच्या प्रार्थनासभांत वाचला जावा. तिथे शेतमजूर बाई, रिक्षाचालक, परिचारिका काय म्हणतात ते पाळकाने ऐकावे आणि मगच रविवारचे टिपण लिहावे. कॅथलिक मिस्सेत प्रवचनाचा अधिकार धर्मगुरू आणि उपधर्मगुरू यांच्यापुरता असला, तरी या सभांत बायकांना बोलण्याची मोकळीक आहे. ती भरपूर वापरावी.

पुण्यात पेपल सेमिनरी १९५५ पासून आहे, युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून तिथे आली. देशभरातले विद्यार्थी या संस्थांत शिकतात, त्यामुळे इंग्रजीला पर्याय नसेल. पण ज्यांना उद्या अहिल्यानगर, जालना किंवा वसईत उभे राहायचे आहे, त्यांच्यासाठी मराठी प्रवचन आणि कीर्तन हे विषय अभ्यासक्रमात असावेत, गुणांसह असावेत. जुने ख्रिस्ती कीर्तनकार हयात आहेत तोवर त्यांना वर्गात बोलवावे, त्यांची आख्याने ध्वनिमुद्रित करून घ्यावीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याने दीक्षेआधी गावातल्या मंडळीपुढे निदान एक कीर्तन उभे करावे.