दीड इंचाची उन्नती

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे अथवा सेमाडोहमार्गे धारणीकडे जाताना अलीकडे एक दृश्य वरचेवर दिसते. जीपच्या घाटाची नवीकोरी गाडी असते आणि कारखान्यातून आलेले टायर उतरवून तिला त्यांहून बरेच मोठे, खोल नक्षीचे टायर चढविलेले असतात. ज्याचा पैसा त्याची गाडी. त्यावर वर्तमानपत्राने शाई का खर्चावी, असे कोणी विचारील. परंतु हा प्रश्न दिसतो तितका खाजगी नाही.

मोठे चाक ही मुळात वेडगळ कल्पना नव्हे. वऱ्हाडातील बैलबंडीची लाकडी चाके उंच असत, ती उगीच नव्हेत. मोठे चाक खड्ड्यात कमी आदळते, दगडधोंड्यावरून सहज जाते. मात्र चाक मोठे करणारा सुतार आख, साटी आणि जू यांचाही मेळ घालीत असे. आज तो मेळ न घालता केवळ चाक बदलले जाते आणि हिशेब नेमका तेथेच चुकतो.

30 इंच व्यासाच्या टायरऐवजी 33 इंचांचा टायर बसविला, तर गाडी उंचावते ती अवघी दीड इंच. कारण उंची वाढते ती त्रिज्येइतकीच. उलट वेगाचा काटा ताशी 60 किलोमीटर दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात 66 ने धावत असते. त्याच गिअरमध्ये चढणीवरची ओढ सुमारे नऊ टक्क्यांनी घटते, उतारावर इंजिनाचा अटकावही तितकाच घटतो आणि पूर्वीइतक्याच अंतरात थांबण्यासाठी ब्रेकवर दहा टक्के अधिक ताण पडतो. गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो तो वेगळाच. घाटातील वळणावर या आकड्यांचा अर्थ काय होतो, हे सांगण्यास अभियंता नको. दुसऱ्या महायुद्धातील मूळची लष्करी जीप 6 इंच रुंदीच्या टायरवर चिखल तुडवीत असे, हेही ध्यानात घ्यावे. तिचे सामर्थ्य चारही चाकांना मिळणाऱ्या शक्तीत आणि जादा ओढीच्या गिअरमध्ये होते.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत बदलांस मनाई करते आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. तरीही हौस थांबत नाही. थॉर्स्टाईन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने 1899 मध्ये ज्याला दिखाऊ उपभोग म्हटले, त्याचाच हा नमुना होय. येथे ऐट मालकाची. धोक्याचा वाटा मात्र समोरून येणाऱ्या सायकलस्वाराचा आणि कडेने चालणाऱ्या कोरकू मजुराचा.

पण सर्वच मालक हौशी नसतात. “रस्ताच असा आहे, साहेब,” असे उत्तर मिळते आणि पावसाळ्यात ते खोटे म्हणवत नाही. खरा प्रश्न येथेच उभा राहतो. वीज गेली की आपण इन्व्हर्टर आणतो, शाळा ढासळली की शिकवणी लावतो, रस्ता फुटला की गाडी उंचावतो. प्रत्येक वेळी ज्यांचा शब्द कचेरीत ऐकला जातो, तेच आपली खाजगी सोय लावून तक्रारीतून मोकळे होतात. मागे उरतात एस.टी.च्या बाकावर आदळत जाणारे शिक्षक, कारकून, विद्यार्थी आणि दवाखान्याच्या वाटेवरची बाळंतीण. त्यांच्या वाहनाला कोणी दीड इंच उचलून देत नाही.

तेव्हा, ज्यांना कामासाठी खरोखर उंच गाडी हवी त्यांनी निर्मात्याने मान्य केलेल्याच मापाचे टायर वापरावेत. इतरांनी टायरच्या दुकानाची पायरी चढण्याआधी रस्त्यासाठी एक अर्ज बांधकाम खात्याकडे अवश्य द्यावा. चाक मोठे केल्याने एकाचाच खड्डा चुकतो. तो बुजविला, तर सर्वांचाच प्रवास सुखाचा होतो.